आपल्याकडचा गुलाब थंडीत झोपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत बागकामाच्या पानावर थंडीतल्या गुलाबावर जो लेख आलाय त्याबद्दल लिहितेय. फोटो झकास आहेत, भाषा पण छान आहे, पण सल्ला आपल्या गावचा नाहीये. डिसेंबरात गुलाब सुप्तावस्थेत जातो म्हणून खत बंद करा, पाणी जेमतेम द्या, बुंध्याशी मातीचा ढीग करून वर पेंढा पसरा, थंडी सरता सरता अर्ध्याच्या खाली छाटा आणि शेजारी लॅव्हेंडर लावा, असं त्यात दिलंय. अहो, हे सगळं बर्फ पडतो तिथलं आहे. आमच्या नाशिकला काय, पुण्याला काय, नाहीतर तिकडे अकोला-नागपूरला काय, गुलाब थंडीत झोपत नाही, उलट वर्षभरात तो धड जागा असतो तो याच तीन-चार महिन्यांत. पावसाळ्यात काळे ठिपके पडून पानं गळतात, एप्रिल-मेमध्ये सकाळी उमललेलं फूल दुपारी मान टाकतं, राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमकं तेव्हाच त्याला उपाशी ठेवा म्हणताय!

रागावून लिहीत नाहीये. पण हा लेख आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला आणि शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेऊन कुंडीपाशी उभ्या, झाड कळ्यांनी लगडलेलं, आणि काकू म्हणतायत अगं पेपरात आलंय ना, आता छाटायचं नसेल तर निदान पाणी तरी तोडते. मी म्हटलं काकू, आधी कळ्या उमलू द्या आणि कात्री माझ्याकडे द्या. त्या वाचल्या. पण पेपरात छापून आलं म्हणजे खरंच असणार असं मानणारी माणसं अजून खूप आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

हा सल्ला येतो कुठून ते सांगते. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे थंडी पडली की गुलाबाची पानं झडतात, जमीन गोठते, आणि जिथे कलमाचा डोळा भरलेला असतो तो भाग जर गोठला तर झाडच गेलं. म्हणून ती बुंध्याशी जवळपास फूटभर माती आणि कंपोस्ट चढवते. छाटणी मुद्दाम करत नाही, कारण छाटलं की फूट येणार आणि कोवळी फूट बर्फात जळणार. तिकडे फोर्सिथिया नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप वसंतात फुलतं, ते फुललं की मगच कात्री बाहेर. तिच्या ठिकाणी ती शंभर टक्के बरोबर आहे. इथे तसा ढीग केलात तर आपली थंडी काही त्याला मारणार नाही, पण ओल धरून बुंधा कुजेल आणि वाळवी आली तर ती वेगळीच. हायब्रीड टी जातीचा, म्हणजे एका काडीला एकच मोठं फूल देणारा गुलाब शून्याच्या खाली काही अंश गेलं तरी तग धरतो. आमच्या निफाडला पारा चार-पाचवर आला की तुम्हीच पहिल्या पानावर बातमी देता, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो छापता, तिथेसुद्धा गुलाब मरत नाही, फार तर कोवळ्या शेंड्यांची टोकं करपतात.

आणि पुरावा पाहिजे असेल तर आपल्याच पेपरच्या जुन्या फायली काढा. पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन कधी असतं? जानेवारीत, २६ जानेवारीच्या आसपास. चंदीगडला झाकीर हुसेन रोझ गार्डनमध्ये, १९६७ सालची बाग आहे ती, रोझ फेस्टिव्हल भरतो फेब्रुवारीत. दिल्लीचं राष्ट्रपती भवनातलं उद्यान, २०२३ पासून ज्याला अमृत उद्यान म्हणतात, ते लोकांसाठी उघडतात ते पण थंडी ओसरता ओसरता. दिल्लीची थंडी तर आपल्यापेक्षा कितीतरी कडक, तरी तिथले माळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटणी करून मोकळे होतात. झोपलेल्या झाडांचं प्रदर्शन कोणी भरवेल का?

आमच्याकडे तर हे समजायला गुलाब लावायची पण गरज नाही. माझे दीर दिंडोरीला द्राक्षं करतात, त्यांना लेख वाचून दाखवला तर हसायलाच लागले, म्हणाले वहिनी, ऑक्टोबर छाटणी कोणी जानेवारीत करायला सांगितली तर आम्ही माल काय जूनमध्ये काढायचा का. तेच तर आहे. द्राक्षाची ही ऑक्टोबर छाटणी, म्हणजे गोडी छाटणी, ज्या दिवसांत चालते त्याच दिवसांत, म्हणजे पाऊस थांबला, दसरा आला-गेला, सकाळी थोडं दव दिसायला लागलं की गुलाबाची छाटणी. द्राक्षाला पुढे चारेक महिने लागतात, गुलाबाला सहा ते आठ आठवडे, थंडी लवकर पडली तर आठच्या पण पुढे जातं. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलं तर डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बहर, आणि फुलं वेळच्या वेळी खुडत राहिलं तर फेब्रुवारीपर्यंत पुढचे बहर. हिशोब उलटा लावायचा असेल तर मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांना विचारा, तळेगावच्या बाजूचे डच गुलाबवाले १४ फेब्रुवारीचा माल जानेवारीच्या शेवटी तोडायला यावा म्हणून डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छाटणी आणि बेंडिंग म्हणजे काड्या वाकवायचं काम करतात, आणि मध्येच थंडीची लाट आली की कळी उघडायला उशीर होतो म्हणून त्यांची झोप उडते. ते धंद्याचं गणित, घरच्या कुंडीला ते लावायला जाऊ नका, पण झाड थंडीत कामावर असतं एवढं तरी त्यावरून कळावं.

छाटायचं कसं ते पण लेखात 'अर्ध्याच्या खाली' एवढ्यावर उरकलंय. हायब्रीड टी असेल तर जोमदार अशा चार ते सहा काड्या ठेवायच्या, जमिनीपासून फूट-दीड फुटावर कापायच्या, पेन्सिलपेक्षा बारीक, वाळकी, एकमेकींवर घासणारी काडी मुळापासून काढायची. काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या, अगदी किंचित वर, तिरका, आणि डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा निवडायचा म्हणजे फूट बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. कापल्यावर आतला गर पांढरट-हिरवा दिसला पाहिजे, तपकिरी दिसला तर अजून खाली जायचं, तिथे थांबलात तर ती काडी वरून खाली काळी पडत येते, नर्सरीवाले ज्याला डायबॅक म्हणतात. कापावर बुरशी येऊ नये म्हणून बोर्डो पेस्ट नाहीतर कॉपर ऑक्सिक्लोराईडची पेस्ट लावायची. आइसबर्गसारखे झुपकेवाले फ्लोरिबंडा एवढे खाली घ्यायचे नाहीत, आणि वेलगुलाबाच्या जुन्या लांब काड्या तर मुळीच तोडायच्या नाहीत, नाहीतर वर्षभर फुलाची वाट बघत बसाल. आणि हो, कलमाच्या सांध्याच्या खालून जो धुमारा येतो तो खुंटाचा, म्हणजे ज्या जंगली झाडावर कलम केलेलं असतं त्याचा. सात पानांचा असतो म्हणून ओळखा असं सगळे सांगतात पण चांगल्या जातीलाही कधी कधी सात पानं येतात, तेव्हा पानं मोजण्यापेक्षा तो निघालाय कुठून ते माती बाजूला करून बघा आणि कात्रीने कापू नका, सांध्यापासून ओढून काढा.

आधीचे माळी दसऱ्यानंतर आळं उकरून मुळं आठवडा-दहा दिवस उघडी ठेवायचे, पानं गळली की शेणखत घालून परत बुजवायचे. आपल्याकडे कडक हिवाळा नाही म्हणून झाडाला तो ताण देऊन भासवायचा, अशी त्यामागची युक्ती. गावठी गुलाबाला, ज्याचा गुलकंद करतात त्याला, ते चालून जायचं. आजच्या कलमी झाडांना आणि कुंडीतल्यांना कृपा करून तसलं काही करू नका, मुळं तुटतात आणि झाड सावरेपर्यंत थंडी संपलेली असते.

ज्यांची ऑक्टोबरची छाटणी राहून गेलीये त्यांनी आता डिसेंबरात कडक छाटणी करू नये. सुकलेली फुलं, मेलेल्या काड्या, आत घुसलेल्या बारीक फांद्या, एवढंच काढा आणि सोडून द्या, तेवढ्यावर सुद्धा फुलं येतात. फूल खुडताना नुसता देठ मोडायचा नाही, खाली जिथे पाच पानांचा पहिला-दुसरा जोमदार संच दिसतो त्याच्या वर कापायचं, तिथून येणारी फूट फूल पेलू शकते. काही फुटव्यांना कळीच येत नाही, शेंडा तसाच मुका राहतो. गार रात्री आणि कमी ऊन यांनी ते होतं, तसा फुटवा दोन-तीन पानं खाली घेऊन चांगल्या डोळ्यावर कापायचा, बहुतेक वेळा पुढचा फुटवा कळी घेऊनच येतो.

आता सोबतीच्या झाडांकडे येते, कारण लेखातला मला सगळ्यात खटकलेला भाग तोच आहे. लॅव्हेंडर भूमध्य समुद्राच्या काठचं झाड, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. आपल्या जुलै-ऑगस्टात त्याची मुळं सडतात, दोनशे-तीनशे रुपयांचं रोप पुढच्या दसऱ्याला बघायला मिळत नाही. आणि आपल्याकडे थंडीत गुलाबाबरोबर वाढणारी, स्वस्तातली, मंडईत मिळणारी इतकी झाडं असताना ते आणायचं कशाला?

थंडीत गुलाबाला मुख्य त्रास दोन, मावा ही कीड आणि भुरी ही पानांवरची पांढरी बुरशी. मावा छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर आणि कळीच्या मानेवर येतो, हिरवा, मऊ, एकमेकांना चिकटून. त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः व्यायला लागतात, म्हणून सोमवारी चार दिसले तर पुढच्या रविवारी कळी दिसेनाशी होते. याला खाणारे कीटक पण असतात, फक्त त्यांना राहायला जागा आणि मोठे झाल्यावर मध-पराग लागतो, आणि गुलाबाचं मोठं भरगच्च फूल त्यांच्या उपयोगाचं नसतं, त्यांना बारीक उघडी फुलं लागतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप, मोहरी, आणि नर्सरीत अ‍ॅलिसम म्हणून जे पांढऱ्या बारीक फुलांचं बुटकं रोप मिळतं ते. स्वयंपाकघरातले धणे ऑक्टोबरात छाटणीच्या सुमारास टाकले, आणि सगळी कोथिंबीर खुडून न खाता दोन-चार जुड्या फुलायला सोडल्या, तर डिसेंबरात त्या पांढऱ्या छत्र्यांवर मधमाशीसारखी दिसणारी पण हवेत एका जागी तरंगणारी माशी यायला लागते. ती सिरफिड माशी. ती स्वतः मध खाते, अंडी मात्र माव्याच्या वस्तीत घालते. तिची अळी हिरवट, चपटी, डोकं कुठे ते पण कळत नाही अशी असते, पण कळीच्या मानेवर ती एका माव्याला उचलून धरून शोषते ते भिंगातून एकदा बघाच.

मोहरीचं जरा वेगळं आहे. मोहरीवर तिचा स्वतःचा मावा येतो, तो गुलाबावर जात नाही. पण त्याला खायला लाल रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे येतात, वाढतात, आणि तिथलं संपलं की शेजारच्या गुलाबावर वळतात. ढालकिडा सगळे ओळखतात, त्याची अळी ओळखत नाहीत. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्याशा मगरीसारखी, आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. तसंच माव्याच्या गर्दीत अधूनमधून एखादा फुगलेला, खाकी, कागदी दिसतो, त्याच्या पाठीवर गोल भोक असतं. तो मेलेला असतो, आतून बारीक गांधीलमाशी वाढून निघून गेलेली असते. असे आठ-दहा दिसले ना, की फवारणी थांबवायची, पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी पुरतो. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करायचा, माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हाकलून लावतात.

झेंडूबद्दल लेखात लिहिलंय 'झेंडू लावा, सर्व किडी दूर राहतात'. सर्व? झेंडूच्या मुळांमधून असं रसायन येतं की ज्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत, कमी होतात, हे खरं आहे, भाजीपाल्याच्या शेतात तसं करतात पण. पण त्यासाठी झेंडू दाट लावून दोन-तीन महिने वाढवावा लागतो, नंतर जमिनीत गाडला तर अजून उत्तम. कुंडीच्या कडेला एक रोप लावून सूत्रकृमी पळत नाहीत. उलट दसरा-दिवाळीला तोडून झालेला म्हातारा झेंडू म्हणजे लाल कोळ्याचं घर, पान उलटं करून बघा, बारीक जाळी आणि हलणारे ठिपके दिसतील. तो दिवाळीनंतर उपटून टाका, नाहीतर फेब्रुवारीत ऊन तापलं की तेच कोळी गुलाबावर. नवीन लावायचा असेल तर जरूर लावा, रंग छान दिसतो, फक्त औषध म्हणून लावू नका.

लसणाचं पण तसंच थोडं. लसणाचा जो उग्र वास तो पाकळी किंवा पात ठेचल्यावर तयार होतो, नुसता उभा लसूण फारसा काही सोडत नाही. तरी मी गुलाबाच्या वाफ्याच्या कडेने लसूण लावतेच, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळ्या खोचल्या की जागा अडवत नाही, मुळं वरच्यावर राहतात, गुलाबाशी भांडत नाहीत, आणि थंडीत ओल्या पातीची चटणी भाकरीबरोबर मिळते. गुलाबाला उपयोग झाला तर झाला.

रंगासाठी सोबत पाहिजे असेल तर फ्लॉक्स, डायंथस, पॅन्सी, पेटुनिया, सगळी आपल्याकडे थंडीचीच फुलं. रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात करायची, आता डिसेंबरात तयार रोपं आणली तरी चालतं. पेटुनिया खादाड आहे, तिला गुलाबाच्या कुंडीत नका घालू, शेजारी वेगळी कुंडी द्या. शेवंती शेजारी शोभते, तिच्यावर काळा मावा येतो पण तो तिचा तिचा असतो. कुंडीत गुलाबासोबत लावायचंच असेल तर कडेने अ‍ॅलिसम नाहीतर चिमूटभर धणे, बास. जमिनीत असेल तर बुंध्यापासून फूटभर गोल रिकामा ठेवा, तिथे वाळका पाला पसरा पण बुंध्याला चिकटवू नका. पुदिना आणि हरळी आसपास नको, एकदा घुसले की निघत नाहीत.

आणि मिरची-वांगी गुलाबाशेजारी लावू नका, हे लेखात यायला पाहिजे होतं. मिरचीवर कोकडा आणणारे, म्हणजे तिची पानं आकसवणारे जे फुलकिडे, तेच गुलाबाची कोवळी पानं वाकडी करतात, कळीच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी करतात, आणि तेच द्राक्षावर पण असतात. म्हणजे आमच्या भागात बागेकडून वारा आला की फुलकिडे येऊ शकतात. भुरी मात्र येत नाही. द्राक्षाची भुरी आणि गुलाबाची भुरी नाव एक असलं तरी बुरशी वेगवेगळी, एकीची दुसऱ्यावर जगत नाही. दिरांच्या बागेत भुरी आली म्हणून माझ्या गुलाबाला आली असं आमच्या घरी कित्येक वर्षं मानायचे, ते काही खरं नाही.

गुलाबाला भुरी येते ती दिवसा ऊबदार कोरडं आणि रात्री गार दमट अशा हवेमुळे, म्हणजे आपली नेहमीची थंडीची हवा. आधी कोवळं पान जरासं चुरगळल्यासारखं, वर वळलेलं दिसतं, लालसर झाक येते, मग कडेने पिठीसाखर भुरभुरल्यासारखी पांढरी पूड. हिला काळ्या ठिपक्यांसारखी पानावर पाण्याची गरज लागत नाही, उलट पान ओलं राहिलं तर हिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. काळ्या ठिपक्याला मात्र पान सहा-सात तास ओलं राहिलं की पुरतं. म्हणून पावसाळ्याचा रोग वेगळा, थंडीचा वेगळा. सकाळी लवकर पानं धुतली तर भुरीवर बरं पडतं, फक्त दुपारच्या आत पानं कोरडी झाली पाहिजेत, संध्याकाळी पाणी उडवू नका. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी, ऊन चढायच्या आत, आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या नाहीतर पानं भाजतात. घरात दूध असतंच, एक भाग दूध नऊ भाग पाणी करून फवारा असं सगळे सांगतात, त्याचा मूळ प्रयोग ब्राझीलमध्ये झाला, १९९९ साली छापून आला, पण तो झुकिनीच्या वेलावर. गुलाबावर सुरुवातीला थोडा फरक पडतो, भुरी पसरल्यावर दुधाने काही होत नाही, ते चहात घाला.

ऊन हा विषय तर लेखात नाहीच, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं सगळं अडतं ते तिथेच. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, नाशिकला भर दुपारी सुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, म्हणजे भिंत जेवढी उंच जवळपास तेवढीच लांब सावली उत्तरेला पडते. मे महिन्यात उन्हात असलेली गच्चीतली कुंडी आता पॅराफिटच्या सावलीत गेलेली असते आणि लोक म्हणतात खत कमी पडलं. कुंड्या सरकवा. दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांची चंगळ, त्यांना आत्ताच भरपूर ऊन मिळतं. उत्तरेची बाल्कनी असेल तर थंडीत गुलाबाचा नाद सोडा, त्याला पाच-सहा तास ऊन लागतंच.

पाणी कमी लागतं हे बरोबर, बंद करा हे चूक. जमिनीतल्या झाडाला मातीप्रमाणे चार-सहा दिवसांनी, काळ्या मातीत अजून उशिरा, कुंडीला एक दिवसाआड, बोट घालून बघायचं आणि सकाळी बुंध्याशी घालायचं. बशीत पाणी साचू देऊ नका. खत तर याच दिवसांत द्यायचं, छाटणीच्या वेळी शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मग पहिला बहर संपला की परत थोडं. बोअरचं पाणी जड असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, त्याला खत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातलं लोह लागतं. वापरलेली चहापत्ती घालायची असेल तर दूध-साखर धुवून, नाहीतर मुंग्या येतात आणि मुंग्यांचं मघाशी सांगितलंच.

थंडीत कळी हळू उघडते, एखादी आठवडाभर तशीच मिटलेली बसते, बाहेरच्या पाकळ्यांवर हिरवट छटा येते, ते रोगाचं लक्षण नाही. औषध मारू नका. गार हवेत लाल-गुलाबी रंग जास्त गडद येतो, क्रिस्टियन डिऑर नावाच्या लाल गुलाबाचं डिसेंबरातलं फूल आणि एप्रिलमधलं फूल शेजारी ठेवलं तर जात वेगळी वाटेल, आणि फुलदाणीत टिकतं पण दुप्पट. यासाठी तर माणूस गुलाब लावतो.

तर संपादक साहेब, विनंती अशी की पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, कोपऱ्यात बारीक टायपात नको, जिथे लेख होता तिथेच, निदान 'कळ्या असलेलं झाड छाटू नका आणि पाणी-खत बंद करू नका' एवढं तरी. काही लोक जानेवारीची वाट बघत कात्र्या घेऊन बसलेत, त्यांच्यापर्यंत ते त्याआधी पोचलं पाहिजे. आणि पुढच्या वर्षी थंडीच्या गुलाबाचा लेख डिसेंबरात देऊच नका, गणपती उठले की द्या, म्हणजे लोकांना छाटणीची तयारी करायला, धणे-मोहरी टाकायला, अ‍ॅलिसमची रोपं करायला वेळ मिळेल. आपल्याकडे कृषी विद्यापीठं आहेत, गुलाब लावणारी जाणकार माणसं गावोगाव आहेत, त्यांच्यापैकी कोणाकडून लिहून घ्या. बाहेरचा लेख भाषांतर करून घ्यायचाच असेल तर छापण्याआधी कुठल्याही नर्सरीवाल्या मामांना फोनवर वाचून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक